वरच्या मजल्यावरचा उन्हाळा आणि घरातले मांजर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका जोडप्याकडे दोन मांजरे आहेत, तीन वर्षांचा चपट्या नाकाचा पर्शियन बोका आणि अकरा वर्षांची देशी मांजरी. नवरा-बायको दोघेही सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत बाहेर असतात. मे महिन्यात दिवसभर एसी चालू ठेवावा का, पंख्यावर भागेल का, बोक्याचे केस पूर्ण काढून टाकावेत का, आणि तो तोंड उघडून धापा टाकू लागला तर काय करावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. विदर्भात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवून मला बावीस वर्षे झाली आणि एप्रिल उजाडला की हेच चार प्रश्न वेगवेगळ्या क्रमाने माझ्यासमोर येतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पंख्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयी आहे. पंखा हवा थंड करत नाही. आपल्या अंगावरचा घाम तो लवकर वाळवतो आणि वाळणारा घाम शरीरातली उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटते. मांजराला घाम येतो तो केवळ पंजांच्या गाद्यांना, आणि तोही शरीर थंड करायला पुरेल इतका नव्हे. बाकीचे सगळे अंग केसांनी झाकलेले असते. मांजराचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. खोलीतली हवा ४१ अंशांवर गेल्यानंतर कोरड्या मांजरावर पंखा सोडला, तर आपण त्याच्या अंगातली उष्णता बाहेर काढत नसतो, उलट बाहेरची उष्णता त्याच्या अंगावर वाहून आणत असतो. हाच पंखा मांजराचे अंग ओले केलेले असताना अत्यंत उपयोगी पडतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मांजर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यत्वे तीन मार्गांनी. ते अंग चाटून केसांवर लाळ पसरवते आणि ती वाळताना त्याला गारवा मिळतो. पोटाकडची विरळ केसांची बाजू गार फरशीला टेकवून ते लांबलचक पसरते. आणि उन्हाच्या वेळी जवळजवळ काहीही हालचाल करत नाही. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशांतले रानमांजर आहेत, त्यामुळे उष्णता सोसण्याची त्यांची मुळातली ताकद आपल्यापेक्षा बरीच चांगली आहे. ज्या तापमानात शरीराला स्वतःला गरम किंवा थंड ठेवण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत तो पट्टा मांजराच्या बाबतीत साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस मानला जातो, म्हणून घरात ३३ अंश झाले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र रानमांजराला बीळ असते, खडकाची सावली असते, कपारी असते आणि एक जागा तापली की उठून दुसरीकडे जाता येते. बंद फ्लॅटमधल्या मांजराकडे नेमके हेच नसते. तेव्हा आपण त्याच्यासाठी अमुक इतक्या अंशांची खोली तयार करण्यापेक्षा, दिवसाच्या प्रत्येक प्रहरी त्याला घरात किमान एक तरी गार जागा स्वतः शोधून गाठता येईल, एवढी सोय करायची आहे. माझे पुढचे सगळे सांगणे याच मुद्द्यावर उभे आहे.

सर्वांत वरच्या मजल्याची अडचण वेगळी असते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते खाली सोडायला संध्याकाळी सुरुवात करतो. बाहेर चार वाजता पारा सर्वाधिक असतो, पण अशा घरात सहा ते दहा हा काळ त्याहून वाईट असू शकतो, म्हणजे नेमका तो काळ, ज्यात घरी परत आलेला माणूस ‘आता ऊन उतरले’ असे म्हणून निर्धास्त होतो. गरम हवा छताशी साचते आणि मांजरांना तर उंच जागा आवडतात. कपाटावरची किंवा माळ्यावरची त्यांची नेहमीची गादी मे महिन्यात घरातली सर्वांत तप्त जागा असते. मांजर सहसा ती आपणहून सोडते, पण दोन मांजरांचे आपसांत पटत नसेल तर दबून राहणारे मांजर भीतीपोटी तिथेच बसून राहते. म्हणून खाली, दिवाणाखाली किंवा टेबलाखाली, दोन वेगवेगळ्या खोल्यांत दोन अंधाऱ्या, फरशीला लागून असलेल्या जागा मोकळ्या करून ठेवाव्यात. एक साधा खोली-तापमापक विकत घेऊन तो भिंतीवर न टांगता मांजराच्या उंचीवर ठेवावा आणि दोन-तीन दिवस दुपारी दोन, चार आणि रात्री आठ अशा नोंदी घ्याव्यात. तुम्ही बाहेर असता त्या वेळच्या नोंदींसाठी शेजारच्यांना एकदा त्रास द्यावा लागेल, परंतु घराचा स्वभाव त्यातून जितका कळतो तितका माझ्या सल्ल्यातून कळणार नाही.

सोसायटीची परवानगी मिळत असेल तर गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा वर हिरवी शेडनेट बांधावी. खोलीच्या तापमानात फरक जाणवतो आणि खर्च एसीच्या बिलापुढे किरकोळ असतो. पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावायचा तर तो शक्यतो काचेच्या बाहेरून लावावा, कारण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने अडले तरी उष्णता घरातच राहते. बाहेरून ओले गोणपाट किंवा वाळ्याची ताटी लावणे ही आपल्याकडची जुनी रीत आजही तितकीच चालते.

आता कूलर आणि एसी. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथल्या कोरड्या हवेत कूलर हे उत्तम साधन आहे, मात्र दोन अटींवर. पहिली अट अशी की हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी असली पाहिजे, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो आणि कूलरचा उपयोग संपतो. दुसरी अट पाण्याची. भर मे महिन्यात कूलरची टाकी काही तासांत रिकामी होते आणि टाकी रिकामी झाल्यावर तोच कूलर बाहेरची ४४ अंशांची झळ थेट खोलीत फेकू लागतो. आपण घरी असतो तेव्हा उठून पाणी भरतो. आपण नसताना मांजर ते करू शकत नाही. आपोआप पाणी भरणारा फ्लोट बसवलेला नसेल तर दिवसभर कूलर चालू ठेवून जाऊ नये. लोखंडी कूलरचे अर्थिंग तपासून घ्यावे, कारण मांजरे त्याच्या खालच्या ओल्याव्यात जाऊन बसतात आणि टाकीतले पाणीही पितात. त्या पाण्यात खसचे किंवा मोगऱ्याचे अत्तर टाकण्याची हौस मांजराच्या घरात टाळावी. सुगंधी तेलांतले आणि फिनेलमधले अनेक घटक निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते.

एसी दिवसभर लावण्याची गरज नाही. टायमर लावून दुपारी बारापासून तुम्ही परतेपर्यंत २७ किंवा २८ अंशांवर एक खोली थंड राहिली तरी दोन मांजरांना ते पुरेसे आहे. पण त्या खोलीचे दार बंद करून मांजरांना आत कोंडू नये. वीज गेली तर बंद खोलीत हवा खेळत नाही, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि वीज परत आल्यावर एसी आपोआप सुरू होईलच असे नाही. काही यंत्रांत ती सोय असते, काहींत नसते, आणि आपल्या यंत्रात ती आहे का हे मुख्य बटण बंद-चालू करून आजच पाहता येते. दार मांजर जाईल एवढे उघडे ठेवून ते वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली काहीतरी अडकवावे. थोडी थंड हवा वाया जाते, ती जाऊ द्यावी. सोबत न्हाणीघराचे दारही उघडे ठेवावे. तिथली फरशी सहसा घरात सर्वांत गार असते आणि मे महिन्यात माझ्या ओळखीची निम्मी मांजरे तिथेच मुक्काम करतात. फरशी फिनेलने पुसलेली नसावी आणि पाण्याने भरलेली बादली उघडी नसावी.

हे सारे कोरड्या उन्हाळ्याचे झाले. मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या वाचकांनी कूलरचा भाग सोडून द्यावा. तिथे पारा कमी चढतो, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की लाळही वाळत नाही आणि कूलरचे पाणीही वाळत नाही. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांपासून आणि किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, यामागे हाच दमटपणा आहे. किनाऱ्यावर खेळती हवा, गार फरशी आणि गरज पडल्यास एसी एवढेच खरे उपाय आहेत.

पाण्याच्या बाबतीत मांजर आळशी असते, आणि हा आळस वाळवंटी पूर्वजांकडून आला आहे. शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवायचे आणि लघवी अत्यंत घट्ट करून ते वाचवायचे, अशी त्याची मूत्रपिंडे घडलेली आहेत. चार किलोच्या मांजराला दिवसाला अन्नासह सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या दाण्यांत पाण्याचा अंश जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत असतो, तर ओल्या खाद्यात तो पाऊणशे टक्क्यांच्या वर असतो. ८५ ग्रॅमच्या एका पाकिटातून जवळपास ६५ मिलिलिटर पाणी कोणताही आग्रह न करता पोटात जाते. म्हणून उन्हाळ्यात निदान सकाळचे आणि रात्रीचे खाणे ओले द्यावे. बाहेरचे खाद्य परवडत नसेल तर उकडलेल्या कोंबडीचे पाणी, मीठ, कांदा आणि लसूण न घालता, दाण्यांवर ओतावे. ओले अन्न वाटीत तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, ते लवकर आंबते. दुपारी मांजर कमी खाते, ते स्वाभाविक आहे; पण पूर्ण एक दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर दाखवून घ्यावे, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, कारण उपाशी लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून नवेच दुखणे उभे राहते.

पाणी चार ठिकाणी ठेवावे, आणि ते खाण्याच्या ताटलीपासून व शौचाच्या ट्रेपासून दूर असावे. पक्ष्यांसाठी मिळतो तसा मातीचा परळ मला सर्वांत पसंत आहे. माठासारखा तो पाझरतो, त्यामुळे कोरड्या हवेत पाणी गार राहते, आणि तोंड रुंद असल्याने मिशा कडांना घासत नाहीत. तो जड असल्याने उलटतही नाही. बोक्याच्या मालकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवी घट्ट होते आणि नर मांजराची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबण्याचा धोका राहतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नये. ही काही तासांत जिवावर बेतणारी अवस्था आहे.

केसांविषयी माझे मत स्पष्ट आहे: पर्शियन बोक्याचे केस मुळापासून काढू नयेत. तो जावळ उन्हालाही काही प्रमाणात अडवतो, काढल्यावर त्वचा भाजू शकते, आणि यंत्राखाली गप्प बसावे म्हणून काही ठिकाणी त्याला गुंगीचे औषध दिले जाते, जे चपट्या नाकाच्या मांजराला उन्हाळ्यात द्यायची मला हौस नाही. त्याऐवजी रोज दहा मिनिटे कंगवा फिरवून आतला मेलेला जावळ काढावा आणि पोटाकडचे व मांड्यांमधले केस कात्रीऐवजी यंत्राने आखूड करून घ्यावेत, म्हणजे फरशीचा गारवा त्वचेपर्यंत पोहोचतो. गुंत्यांची गादी झालेली असेल तर गोष्ट वेगळी; ती काढावीच लागते. आंघोळ आवश्यक नाही. ओल्या हाताने डोके, कान आणि पाठ दिवसातून दोन-तीनदा पुसली की पुरते, आणि पंख्याला आता काम मिळते.

संध्याकाळी हवा यावी म्हणून खिडक्या उघडल्या जातात, त्याविषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कच्या एका प्राणी-रुग्णालयात १९८४ च्या उन्हाळ्यापासून केवळ पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आणली गेली होती आणि १९८७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक वाचली, पण मांजर उंचावरून पडत नाही ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली. कबुतरांसाठी लावतात ती घट्ट जाळी आधी बसवावी, मग खिडकी उघडावी.

आता धापांविषयी. कुत्रा तोंड उघडून जीभ बाहेर काढतो तो त्याचा नित्यक्रम आहे. मांजराचे तसे नाही. खेळून दमलेले पिल्लू किंवा गाडीत घाबरलेले मांजर मिनिट-दोन मिनिटे तोंड उघडून श्वास घेते आणि थांबते. शांत बसलेले मांजर तसे करत असेल तर ती धोक्याची खूण आहे, आणि तिचे कारण ऊनच असेल असेही नाही. हृदयविकार आणि दमा यांतही असेच दिसते. पर्शियनच्या आखूड नाकपुड्यांमुळे श्वासावाटे उष्णता बाहेर टाकण्याची त्याची क्षमता मुळातच तोकडी असते, त्यामुळे देशी मांजरीच्या कितीतरी आधी तो अडचणीत येईल. लाळ गळणे, हिरड्या गडद लाल होणे, उलटी, अस्वस्थ फेऱ्या, मग लडखडत चालणे हा पुढचा क्रम आहे. नाक गरम की गार यावर विश्वास ठेवू नये. गुदद्वारातून घेतलेले तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर काळजी करावी, १०५ च्या वर असेल तर तो उष्माघात समजावा.

अशा वेळी आधी थंड करावे, मग दवाखाना गाठावा. फोन मात्र लगेच करावा. मांजराला गार फरशीवर ठेवून पोट, जांघा, काखा आणि पंजे पाण्याने असे भिजवावेत की पाणी त्वचेपर्यंत जाईल, आणि मग पंखा पूर्ण वेगाने सोडावा. पाणी कोणते, हा प्रश्न नागपुरात फार महत्त्वाचा आहे, कारण दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारे पाणी हात पोळेल इतके तापलेले असते. घरात भरून ठेवलेल्या बादलीतले किंवा माठातले पाणी वापरावे. बर्फाच्या पाण्यात मांजराला बुडवू नये. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवणेही चुकीचे आहे, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत बंद गॅलरीत अडकलेले एक मांजर माझ्याकडे आणले गेले, मी त्याला ओल्या टॉवेलात लपेटून सलाइनच्या तयारीला लागलो आणि दहा मिनिटांनी तापमान घेतले तर ते उतरण्याऐवजी किंचित वाढलेले होते. टॉवेल अंगाच्या उष्णतेने गरम होऊन पांघरुणासारखा झाला होता. ते मांजर दुसऱ्या रात्री गेले. तापमान १०३ वर आले की भिजवणे थांबवावे, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरते. आणि मांजर उठून चालू लागले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया यांना झालेली इजा एक ते तीन दिवसांनी उघडी पडते.

घरगुती उपायांपैकी दोन अतिशय घातक आहेत. अंग तापले म्हणून पॅरासिटामॉल दिले जाते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो. आणि ऊन लागल्यावर माणसाच्या तळपायांना कांद्याचा रस चोळायची आपली पद्धत काही घरांत मांजराच्या पंजांवरही आजमावली जाते. मांजर ते पंजे चाटते, आणि कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. दूध आणि पन्हे या दोन्हींची गरज नाही. दुधाने बहुतेक प्रौढ मांजरांना जुलाब होतात आणि असलेले पाणीही निघून जाते.

राहिली अकरा वर्षांची मांजरी. पत्राच्या शेवटी सहज लिहिलेले एक वाक्य मला बाकीच्या सर्व प्रश्नांपेक्षा महत्त्वाचे वाटले: ‘ती मात्र उन्हाळ्यामुळे भरपूर पाणी पिते आहे, त्यामुळे तिची चिंता नाही.’ या वयातल्या मांजराने अचानक खूप पाणी प्यायला लागणे याचे श्रेय उन्हाळ्याला देण्याआधी मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आणि थायरॉइडची वाढ या तीन गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. आठवडाभर तिला एका वेगळ्या खोलीत रात्री पाणी मोजून द्यावे आणि सकाळी उरलेले मोजावे. शेजारीच तसाच दुसरा परळ जाळी झाकून ठेवावा, म्हणजे नुसते वाळून किती गेले ते कळेल आणि तेवढे वजा करता येईल. रात्रभरातच तिने शंभर-सव्वाशे मिलिलिटर पाणी संपवले असेल तर रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासायला आणावे, सकाळी नऊच्या आत, टोपलीच्या तळाशी ओला पंचा घालून, आणि ती टोपली उन्हात उभ्या असलेल्या गाडीत आधीपासून ठेवलेली नसावी.